तीन फेऱ्यांची वेळ

वाघदरा, ता. पाथर्डी
२१ नोव्हेंबर २०२५

चि. रोहिणी,

शाळेच्या मैदानावर, आपल्या त्याच लिंबाखाली बसून तुला भरभरून आशीर्वाद पाठवतो आहे. तू, कल्याणराव आणि ऊसतोडीच्या टोळीतली सगळी मंडळी खुशाल असाल. बेलापूरकडे पाटाचं पाणी, त्यामुळे थंडीही चढी. राहत्या कोपीला उसाचं पाचट दाट लावून घेतलं असशीलच.

अक्षर ओळखलंस का? ओळखलं नसेल तर शिट्टी वाजली असं समज आणि ताठ उभी राहा. तुझा जुना पी.टी.चा मास्तर, रामहरी शिरसाट. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पोट सुटलं आहे, गुडघे कुरकुरतात, पण सकाळी सातला मैदानावर आलो नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. नवे क्रीडाशिक्षक अमृत सर भला माणूस आहे. मला घड्याळ धरायला बोलावतो. म्हातारा घरी बसून सुनेला पवित्रे शिकवील, त्यापेक्षा इथे बरा, असा त्याचा हिशेब असावा.

इथली मुलं बघशील तर तुला हसू येईल आणि मग वाईट वाटेल. आठवीचा वर्ग बेचाळीस जणांचा. जूनमध्ये अमृत सरांनी सगळ्यांना तीन फेऱ्या मारायला सांगितल्या. अकरा जणांनी पुऱ्या केल्या. बाकीचे पहिल्याच फेरीत कमरेवर हात ठेवून उभे, जसं काही कुणी त्यांच्याकडून शेत नांगरून घेतलं. आठवड्याला पी.टी.चे दोन तास, त्यातला एक गणिताच्या मॅडम मागून घेतात आणि दुसरा विज्ञानाचे सर न मागता घेतात. घरी गेलं की मोबाईल. तेरा-चौदा वर्षांची पोरं जिना चढताना धापा टाकतात. मी ओरडायला जातो, मग आठवतं की आता पगार बंद आहे.

या सगळ्यात तुझी निकिता. तू तिला शाळेसाठी आजीजवळ ठेवून गेलीस हे फार शहाणपणाचं केलंस. ही पोरगी सांगितल्याशिवाय पळते. प्रार्थनेच्या आधी पळते, सुट्टीत पळते, चपला लिंबाखाली ठेवून अनवाणी पळते. तालुक्यात सहाशे मीटरला पहिली आली, नगरला जिल्ह्यातही पहिली. आता आठ डिसेंबरला पुण्याला विभागीय स्पर्धा आहे. परवा मी घड्याळ धरलं होतं. तीन फेऱ्या, एक मिनिट एकावन्न. अमृत सर नाचायचेच बाकी होते. म्हणाले, या शाळेत एवढी चांगली वेळ कुणाची नसेल. मी मान हलवली.

आता कामाचं. मुक्कामी स्पर्धा असल्यामुळे पालकाची सही लागते. तुझ्या आईकडे, मनकर्णाबाईंकडे, आम्ही दोघं फॉर्म घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "तिच्या आयला इचारा. म्या सही करनार न्हाई." का, ते काही नीट सांगितलं नाही. जिल्ह्याला एका दिवसात जाऊन येणं झालं, तेव्हा त्यांना निकितानं बहुतेक सांगितलंच नव्हतं.

म्हणून फॉर्म सोबत पाठवतो आहे. खाली उजवीकडे फुली केली आहे तिथे सही कर. फोन केला असता, पण तो कल्याणरावांकडे आणि कल्याणराव ट्रॅक्टरवर. शिवाय सही फोनवर येत नाही. कानिफनाथ दर रविवारी टोळीला पीठ-मीठ द्यायला जीप घेऊन येतो, त्याच्याच हाती फॉर्म परत दे. शाळेला तो तीन तारखेपर्यंत पुढे पाठवायचा आहे.

काळजी करू नकोस. अमृत सरांची बायको मुलींबरोबर जाणार आहे. आणि निकिताची प्रकृती उत्तम आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुला मैदानावर पाहिलेला,
रामहरी सर


बेलापूर, उसाच्या फडावरून
२३ नोव्हेंबर, रविवार

आदरणीय सर,

रोहिणीचा वाकून नमस्कार. कानिफनाथनं पाकीट दिलं तेव्हा हात पाचटानं भरले होते. आधी हात धुतले, मग फोडलं. तुमचं अक्षर लगेच ओळखलं. कानिफनाथ दिवस मावळेपर्यंत थांबणार हाय, तेवढ्यात लिहिते. नववीनंतर असं पान भरून लिहिलंच न्हाई, चुकलं असेल तर समजून घ्या.

निकिता पहिली आली वाचून लई आनंद झाला. दोनदा वाचलं. मग भीती वाटली.

सर, मी सही करत न्हाई. राग मानू नका. फॉर्म तसाच कोरा परत पाठवते. आईनं कारण सांगितलं नसेल, तिला लोकांपुढं बोलायला नको वाटतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्हालाच तर पहिल्यांदा कळलं होतं. माझ्या छातीत दोष हाय. तुम्ही वेळेवर सांगितलं म्हणून मी आज हाय, असं आई अजून म्हणती. आईचं दुखणं लेकीत उतरतं. निकिता माझ्यावरच गेली हाय, नाकडोळ्यानं बी आणि पळण्यानं बी. तिला पण असणारच. ती लपून पळत असेल हे मला माहीत न्हवतं.

तुम्ही विसरला असाल, मी विसरले न्हाई. आठवीत तीन फेऱ्या मारून आले, तुम्हाला विचारलं, सर किती. तर तुम्ही घड्याळ खिशात ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, छाती धडधडती का गं. मी म्हटलं व्हय. मग तुम्ही सांगितलं, शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना छातीत दोष सापडलाय, पळायचं न्हाई. मी रडले, तर तुम्ही तुमचं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आजपासून वेळ तू लावायची. त्याचं मला लई वाटायचं. दोन वर्षं लिंबाखाली बसून मी सगळ्या पोरींचे टाईम लावले. माझा किती झाला होता तेवढा तुम्ही सांगितला न्हाई. आता काय करायचा म्हणा.

अजून होतं धडधड. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढते ना, वर पोचलं की छाती अशी वाजती की कानात ऐकू येतं. तेव्हा तुमचं बोलणं आठवतं. मोळी टाकून मी गाडीला धरून दोन मिनिटं उभी राहते. कल्याण म्हणतो, हिचे नखरे. त्याला लग्नाआधी आईनं सगळं सांगितलं होतं, तो बोलून दाखवत न्हाई पण कधी कधी येतं तोंडातून. त्याच्या आधी फौजेतल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. पसंती झाली होती. आई म्हणाली, खोटं सांगून पोरगी द्यायची न्हाई, आणि तिनं छातीचं सांगून टाकलं. ते फिरले. आईचं बरोबरच होतं.

दवाखान्यात कधी गेले न्हाई. डॉक्टरनं आणखी काही सांगितलं तर काम कोण करणार. न्हाई माहीत तेच बरं.

तेवढं निकिताला समजावा. माझं ऐकणार न्हाई, तुमचं ऐकेल. मला जसं घड्याळ दिलं तसं तिला पण काहीतरी हातात द्या, म्हणजे तिला वाईट वाटणार न्हाई.

तुमच्या गुडघ्याला जपा. लिंब अजून हाय हे वाचून बरं वाटलं.

तुमच्या आज्ञेतली,
रोहिणी


वाघदरा
२८ नोव्हेंबर २०२५

रोहिणी,

या पत्राच्या वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो देण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. एकटी बसून वाच.

तुझ्या छातीत दोष नाही. कधीच नव्हता. कुठल्याही डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, माझ्या मनचं, त्या क्षणी सुचलं म्हणून.

आरोग्य तपासणी त्या आठवड्यात झाली होती हे खरं. तुझ्या कार्डावर डॉक्टरांनी दोनच शब्द लिहिले होते, 'दात किडके'. बाकी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. मी ते कार्ड पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, माझा गैरसमज झाला, असंही म्हणता येत नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या आईनं कारण सांगितलं नाही. तेही खोटं. मनकर्णाबाई उंबऱ्यातून मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "सर, तुमीच तर सांगितलं हुतं पोरीच्या छातीचं. मंग तिच्या लेकीला पळवाया तुमीच कसं आला?" अमृत सर माझ्याकडे पाहायला लागले. मी घसा खाकरला आणि म्हणालो, रोहिणीला विचारू. मला वाटलं, तू कुठे आता आठवणीत ठेवलं असशील, सही करून टाकशील, आणि हे सगळं न बोलता मिटेल. शेवटी 'निकिताची प्रकृती उत्तम' असं एक वाक्य घातलं, तेवढ्यावर सुटायला बघत होतो.

आता तुला कारण सांगतो. ऐकायला लंगडं वाटेल, कारण ते लंगडंच आहे.

तुझ्या दोन वर्षं आधी आपला मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्यात जिंकला होता. विभागाच्या वेळी त्यातल्या तिघी आई-बापाबरोबर फडावर गेलेल्या. संघ अपुरा पडला, नाव खोडलं गेलं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांदेखत मला विचारलं, "शिरसाट, माणसं मोजता येतात का तुम्हाला?" ते मला फार लागलं. त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं की ज्यांची आई-बापं दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात त्यांची पोरं संघात घ्यायची नाहीत. हे मी कुणाला बोललो नाही, कुठे लिहिलं नाही. निवडीच्या वेळी काहीतरी कारण निघायचं. कुणाची उंची, कुणाचं वय, कुणाची हजेरी. आणि मनाला समजावायचो की ही पोरं तशीही राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला, बसू दे बिचारी सावलीत. मी तुमच्यावर दया करतो आहे असं मला खरंच वाटायचं. राबणं आणि खेळणं यांतला फरक ज्याला कळत नाही, असा माणूस बत्तीस वर्षं पी.टी. शिकवत होता.

तुझी गोष्ट वेगळी होती. तुझं वय बरोबर, उंची बरोबर, हजेरीही त्या वर्षी चांगली. चाचणीत तू इतकी पुढे होतीस की दुसरी मुलगी शेवटच्या वळणावर असताना तू फक्कीची रेघ ओलांडलीस. मला कारण सापडेना. तू गुडघ्यांवर हात ठेवून वाकलीस, मग एक हात छातीवर नेलास आणि विचारलंस, "सर, किती?" तो हात मी पाहिला आणि तेच कारण उचललं. छाती धडधडते का? सहाशे मीटर जीव तोडून पळाल्यावर कुणाची धडधडत नाही, रोहिणी? माझीही धडधडायची. ती धडधडावी म्हणूनच तर मास्तर पोरांना पळवतो. धडधडणं म्हणजे हृदय चोख काम करतं आहे. मी त्यालाच दुखणं म्हणालो आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

खरं काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी जाऊन तुझ्या वडिलांना म्हणायचं, "पोरीला डिसेंबरपर्यंत ठेवा, माझ्या घरी राहील, जेवेल." ते नाही म्हणाले असते कदाचित. हो म्हणाले असते कदाचित. मी गेलोच नाही. नकार ऐकायची लाज वाटत होती आणि खोटं बोलायला एक मिनिटही लागलं नाही.

तुझ्या जागी जी गेली ती जिल्ह्यात दुसरी आली. शाळेला ढाल मिळाली, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ती ढाल मुख्याध्यापकांनी माझ्या निवृत्तीच्या दिवशी मला भेट दिली. माझ्या बैठकीत टीव्हीच्या वर आहे.

आणि ते घड्याळ. तू लिहिलंस की त्याचं तुला लई वाटायचं. अगं, ते मी माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून दिलं होतं. दोन वर्षं तू लिंबाखाली बसून दुसऱ्या पोरींच्या वेळा अचूक सांगायचीस आणि मी त्या वहीत लिहून घ्यायचो. त्या दोन वर्षांत मला रोज एकदा खरं सांगता आलं असतं. तू माझ्यापासून तीन हातांवर बसलेली असायचीस.

मी म्हणत होतो की एका स्पर्धेचा प्रश्न, पोरगी विसरून जाईल. ते स्थळाचं मला माहीत नव्हतं. फळीवर उभी राहून तू माझं बोलणं आठवतेस हेही माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि ताट तसंच सारलं. मंगळवारी सकाळी एस.टी.त बसलो, म्हटलं तुझ्यासमोर उभं राहूनच सांगावं. नेवाशापर्यंत आलो. तुझ्या बेलापूरकडे जाणारी श्रीरामपूरची गाडी समोर लागली होती. बाकावर बसून राहिलो, ती गेली, दुसरी लागली, तीही गेली. मग पाथर्डीच्या गाडीत बसून परत आलो. तुझ्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही. इतरांना 'छाती काढा पुढे' म्हणून आयुष्यभर ओरडलो, रोहिणी.

परत आल्यावर दोन कामं मात्र केली.

बुधवारी मनकर्णाबाईंना आणि निकिताला घेऊन अमृत सरांबरोबर पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी निकिताला तपासलं, हृदयाची ईसीजीची पट्टी काढली. सगळं ठीक आहे, पळायला हरकत नाही, असं लिहून दिलं. तो कागद जोडला आहे. त्यावर सही डॉक्टरांची आहे, माझी नाही. तू मात्र स्वतःला श्रीरामपूरला दाखवून घे. माझ्या एका शब्दावर एकोणीस वर्षं काढलीस, आता दुसऱ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस.

दुसरं काम काल केलं. तुझ्या आईच्या घरी एकटा गेलो. त्या अंगणात बाजरी पाखडत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "पाच अमवश्या तिला मढीच्या देवाला न्हेलं म्या. अनवानी. छाती बरी व्हावी म्हनून. येवढं चालून बी पोरगी दमायची न्हाई, तवा म्हनायचे, देव पावला." सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "आन तुमी रोज शाळंत दिसायचा, सर. हात जोडायचे म्या तुमाला."

पाणीही न घेता निघालो. दारात निकिता उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "म्हंजे माझी आई पळायची?"

मी म्हटलं, पळायची. त्यावर तिनं लगेच पुढचं विचारलं, जे तू विचारलं होतंस. मी सांगितलं, आधी तुझ्या आईला कळवतो, तिचा हक्क पहिला आहे.

जुन्या वह्या मी माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या दिवसाच्या पानावर तुझं नाव आहे आणि पुढे पेन्सिलीनं लिहून खोडलेला आकडा. खोडला तरी दिसतो. खरं तर मला वही काढायची गरज नव्हती.

फॉर्म पुन्हा पाठवतो आहे. सही करायची की नाही ते तू ठरव, आणि ठरवताना मला मधे धरू नकोस. रागानं फॉर्म फाडलास तरी तो तुझा अधिकार आहे, फक्त तो माझ्यावरचा राग असू दे, पोरीच्या पायांवर नको. कानिफनाथ परवा येईल. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. माफी मागायला शब्द शोधत होतो, सापडले ते सगळे प्रमाणपत्रावर लिहितात तसले निघाले, म्हणून लिहीत नाही.

पुढच्या वेळी मोळी घेऊन फळीवर चढशील आणि छाती वाजेल, तेव्हा माझं ते बोलणं आठवू नकोस. हे आठव.

तू विचारलं होतंस, "सर, किती?"

१४ सप्टेंबर २००६. सहाशे मीटर, तीन फेऱ्या, अनवाणी. एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद. निकितापेक्षा चार सेकंद कमी. या शाळेत तुझ्या आधी किंवा तुझ्या नंतर एवढं कुणी पळालेलं नाही.

तुझी वेळ खिशात घालून बसलेला,
रामहरी भिमाजी शिरसाट